शेंदराचे चार ठिपके

मी एक जुना, बुटका मालट्रक आहे, आणि मित्रांनो, मी दोन माणसं आणि एक घोडा मारलेला आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुमच्या पुस्तकांत फाटकी छत्री आपली कहाणी सांगते, वठलेलं झाड सांगतं. त्यांच्या अंगावर रक्त नसतं. माझ्या अंगावर आहे. धुतलं, खरवडलं, वर तीन हात रंग चढवला, तरी ते कुठे होतं हे मला अजून ठाऊक आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं आठवतं ते एवढंच, की साचा खाली आला की पत्रा किंचाळायचा. पुढे खोक्यांत भरून मला बोटीने मुंबईला आणलं, तिथे जोडलं आणि आगगाडीने इंदूरला होळकर सरकारच्या फौजेत पाठवलं. पुढे दोघांना बसायला जागा, मागे माल टाकायला उघडा हौदा, असा माझा बांधा. हौद्यात मी दाणागोटा वाहिला, दारूगोळा वाहिला आणि शिकारीच्या मोसमात मेलेली रानडुकरं वाहिली. एकदा साहेबलोकांनी एक वाघ मेला समजून माझ्यावर चढवला. तो मेला नव्हता. त्याने मरता मरता माझ्या मागच्या फाळक्यावर पंजा ओढला. ते चार ओरखडे तुम्ही आजही बघू शकता.

माझे ड्रायव्हर होते हवालदार प्रतापराव सुर्वे. होळकरांच्या चाकरीतली त्यांची ही चौथी पिढी. पणजोबा घोड्यावर बसले, हे माझ्यावर. अंगाने धिप्पाड, पण जिभेवर शिवी नाही. माझी मोटर सुरू होईना तर इतर ड्रायव्हर आपापल्या गाड्यांना लाथा घालत, हे मात्र बोनेट उघडून "काय रे, काय झालं बाबा?" म्हणून विचारायचे. एवढ्या मायेने आजवर मला कोणी विचारलेलं नाही.

आता मित्रांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझे ब्रेक सळयांचे आहेत. पायाखालची पट्टी दाबली की चार सळया ओढल्या जातात आणि चारही चाकं आवळली जातात. प्रत्येक सळईच्या टोकाला चाकामागे एक नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली पिन. पिन नसेल तर नट सुटतो, सळई निखळते, आणि मग पट्टी कितीही दाबा, गाडी बापाचं ऐकत नाही.

खांडेनवमीला फौजेत सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची आणि आम्ही गाड्याही हत्यारांतच जमा. बाकीचे ड्रायव्हर बोनेटवर हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे, चाकाखाली लिंबू चिरडायचे, की झाली पूजा. प्रतापराव दिवसभर माझ्या पोटाखाली आडवे असत. चारही नट आवळत, पिना घालून वाकवत, आणि मग घरून आणलेला, जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर नट आणि पिन यांवर मिळून एकेक ठिपका लावत. तो वाळला की दगडासारखा कडक होई. नट केसभर फिरला, तरी त्या ठिपक्याला तडा जाणार. बोनेटवरची पूजा सगळ्यांना दिसायची. ही चाकामागची त्यांना, मला आणि त्यांच्या बायकोला, गंगूबाईंना माहीत. त्या रागवायच्या, "अहो, मारुतीचा शेंदूर गाडीला लावून राहिलात? पाप लागेल!" त्यावर हे हसून म्हणत, "मारुतीलाही कुठेतरी थांबावं लागतंच ना?"

मोठी लढाई संपली त्या वर्षीचा दसरा. आमच्या तुकडीचे कॅप्टन अप्पासाहेब खांडेनवमीच्या बोकडाबरोबर प्यायला बसले होते, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठले नव्हते. उठले ते माझ्याकडे आले. "हट प्रताप, आज गाडी मी नेणार. सोनं लुटायचंय." प्रतापराव म्हणाले, "साहेब, मी नेतो ना. तुम्ही आरामात बसा." कॅप्टनांनी त्यांच्या थोबाडीत मारली. फौजेत वरच्याने मारलेली थोबाडीत म्हणजे हुकूमच. प्रतापराव बाजूच्या जागेवर बसले.

नदीकडच्या उतारावर दसऱ्याची गर्दी होती. "साहेब, ब्रेक! ब्रेक मारा!" प्रतापराव ओरडत होते. माझा ब्रेक तिथेच होता, चारही सळया ताठ, नुसती वाट बघत. पण कॅप्टनांचा बूट शेजारच्या पट्टीवर होता, वेगाच्या, आणि ते ती दाबत होते. आधी घोडा आला. त्याचे पुढचे पाय माझ्या धडकेने काडकन मोडले. मग घोड्याचा लगाम धरलेला मोतद्दार रहीम आला. त्याचं डोकं माझ्या बोनेटवर आपटलं आणि तो समोरून नाहीसा झाला. मग विहिरीची भिंत आली आणि मी उलटलो. प्रतापराव दारातून बाहेर फेकले गेले आणि मी त्यांच्यावर पडलो. त्यांच्या बरगड्या माझ्याखाली मोडल्या. ते लगेच गेले नाहीत. मित्रांनो, मला तेव्हा स्वतःला उचलून बाजूला व्हायचं होतं, आणि ट्रकला ते जमत नाही.

कॅप्टन मेंदीच्या कुंपणात पडले. गुडघा खरचटला.

चौकशी तीन दिवसांत उरकली. कागदावर आलं ते असं: गाडी हवालदार सुर्वे चालवत होते. त्यांनी ब्रेकची पिन लावलीच नव्हती. ड्रायव्हरच्या हलगर्जीपणाने ब्रेक निकामी झाला आणि दोन जीव गेले. मेलेल्याला हरकत घेता येत नाही, आणि ट्रकला कोण विचारतो! चौकशीला आलेल्या साहेबांपैकी एकालाही वाकून माझं चाक बघावंसं वाटलं नाही. विजारीची इस्त्री मोडली असती.

रहीमची बायको जैतूनबी गंगूबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. तिने हातातल्या बांगड्या त्यांच्या उंबऱ्यावर फोडल्या आणि म्हणाली, "तेरे मरद ने मेरा घर खा लिया." त्या दिवसापासून फौजी चाळींच्या लायनीतल्या बायका गंगूबाईंना नळावर जागा देईनात. 'बिनपिनवाल्याची बायको' असं त्यांचं नाव पडलं. नवरा गेला त्याचं रडणं निदान लोकांत रडता येतं. हे दुसरं त्यांनी एकटीने गिळलं.

मला घोड्यांच्या जुन्या पागेमागे टाकून दिलं. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, फौज मोडली. सैनिकांना घरी पाठवलं आणि माझ्यासारख्यांना भंगारात काढलं. माझ्या काचा पोरांनी फोडल्या, टायर कोणीतरी नेले, आणि माझ्या गादीत एक कुत्री दोनदा व्याली. एवढ्या वर्षांत माझ्या अंगाची ऊब कोणाला लागली असेल, तर तिच्या पिल्लांना.

अपघातानंतर सहा वर्षांनी मला न्यायला एक माणूस आला. सोबत दोन बैल आणि जाड दोरखंड. ते होते प्रतापरावांचे धाकटे भाऊ, मालोजी. तेही फौजेतच होते. फौज मोडल्यावर इंदूरच्याच परदेशीपुऱ्यात एका गिरणीत फिटर झाले होते. डोक्यात कायम अंगार. मला वाटलं, चला, घरचा माणूस आला, आता बरे दिवस येणार. मित्रांनो, मी फार चुकलो होतो.

परदेशीपुऱ्यातल्या अंगणात मला उभं केलं. दारात मालोजींची बायको भानुमती आणि त्यांच्याकडेच राहणाऱ्या गंगूबाई उभ्या होत्या. मालोजींनी घण उचलला. "वहिनी, हा बघा, दादाचा खुनी आणलाय. आज याचे टुकडे नाही केले, तर नावाचा मालोजी नाही!"

पहिला घाव दिव्यावर, दुसरा दुसऱ्या दिव्यावर. मग बोनेट, मग दार. प्रत्येक घावाला ते एक शिवी घालत होते, आणि शिव्या संपल्यावर नुसतेच ओरडत होते. गंगूबाई घरात गेल्या. मला वाटलं, यांना बघवत नाही. त्या वरवंटा घेऊन आल्या आणि तो दोन्ही हातांनी माझ्या समोरच्या काचेत घातला. उरलीसुरली काच गेली. मला राग आला नाही. त्यांनी मारावं असंच काहीतरी मी केलं होतं.

मालोजी मग चाकांकडे वळले. डावीकडचं पुढचं चाक उतरवून त्यांनी चाकामागच्या सांध्यावर घण घातला. नट फुटला, पिन तुटली, सळई वाकली, आणि लाल रंगाच्या खपल्या मातीत पडल्या.

"थांबा भावोजी!" गंगूबाई ओरडल्या. "हे लाल काय आहे?"

"गंज आहे, अजून काय असणार?"

त्यांनी एक खपली उचलली, बोटांत चुरडली, नाकाशी नेली. मग तिथेच चिखलात बसल्या. "गंज नाही हो. माझ्या घरचा शेंदूर आहे. जवसाचा वास आहे. खांडेनवमीला हे ब्रेकच्या पिनीवर लावायचे."

"पण पिन तर नव्हती ना? कागदात तर..." मालोजींनी आत्ताच तोडलेली पिन मातीतून उचलून हातात धरली.

घण टाकून ते माझ्या पोटाखाली सरपटले. दुसरं चाक, तिसरं, चौथं. तिन्हीकडे नट जागेवर, पिन जागेवर, आणि वर लाल ठिपका. एकालाही तडा नव्हता. मालोजी बाहेर आले आणि त्यांनी कपाळ माझ्या दारावर आपटून घेतलं, दोनदा, तीनदा. रक्त आलं तेव्हा गंगूबाईंनी त्यांचे केस धरून मागे ओढलं.

"चार साक्षी होत्या दादाच्या, वहिनी. एक मी फोडली. माझ्याच हाताने फोडली!"

"तीन आहेत ना अजून," गंगूबाई म्हणाल्या. "रडू नका. अर्ज लिहा."

शेजारी राहणारे शरदचंद्र गिरणीत टाइमकीपर होते, अक्षर सुंदर. त्यांनी अर्ज लिहिला. प्रतापराव सुर्वे यांच्या नावावरचा डाग काढावा, ब्रेक शाबूत आहेत, सरकारने येऊन पाहावे. मालोजी तो घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. तेव्हा राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची, आणि फायली तिच्यामागून गाडीने जायच्या-यायच्या. हिवाळ्यात सांगत, "भिया, फाइल तो ग्वालियर गई." उन्हाळ्यात सांगत, "वापस आली, पण अजून गठ्ठा खुलला नाही." शेवटी एक म्हातारा कारकून खरं ते बोलला, "अहो, ज्या फौजेचा रिपोर्ट, ती फौजच राहिली नाही. आता बदलणार कोण?"

मग मालोजी स्नेहलतागंजला अप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेले. हातात ती तुटकी पिन होती. तासाभरात ते घरी आले ते दोघांच्या खांद्यावर. डोकं फुटलेलं, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली. अप्पासाहेबांच्या गड्यांनी फाटकाशीच काठ्यांनी झोडपलं होतं. पिन गटारात गेली होती. भानुमती जखम धूत होत्या आणि मालोजी माझ्याकडे बघत होते. "कागद निघत नाही ना," ते हळूच म्हणाले, "मग माणूसच काढतो." हे मी ऐकलं. घरातल्या बायकांनी ऐकलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला जोडायला घेतलं. दुरुस्ती हा शब्द तुम्हाला मऊ वाटतो, मित्रांनो. प्रत्यक्षात तीही मारहाणच असते, फक्त मारणारा मोजून मारतो. माझं बोनेट निखाऱ्यावर तापवून त्याच घणाने सरळ केलं. गंजलेले पत्रे करवतीने कापले, गॅसच्या ज्योतीने नवे चिकटवले. बोटं धड जुळली नव्हती, तरी मालोजी गिरणीची पाळी संपवून येत आणि अंधार पडेपर्यंत माझ्याशी झटत. इंजिनातले व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम गंगूबाईंचं. काठीला रबराची वाटी लावून ती त्या ताक घुसळल्यासारखी दोन्ही तळव्यांत फिरवत. पदर ग्रीसने काळा होई. भानुमती करवादत, "तुळशीची जागा या रेड्याने खाल्ली," आणि जेवणाचं ताट अंगणातच आणून देत. 

हौद्याला गिरणीतल्या मोडक्या खोक्यांच्या सागवानी फळ्या आल्या. गादीला जुन्या मशिनीच्या पट्ट्याचं चामडं आलं. हौद्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या बसवल्या. त्यात दोन खाटा झोळीसारख्या टांगता येत, म्हणजे दुखणाईताला हिसका बसायचा नाही. ही कल्पना गंगूबाईंची. वाघाच्या ओरखड्यांचा फाळका तेवढा जुनाच ठेवला.

गंगूबाईंची एकच अट होती. "भावोजी, बाकी सगळं बदला. त्या तीन चाकांच्या पिनांना हात लावायचा नाही." मालोजींनी बाहेरूनच तेल सोडलं, सळया हलत्या केल्या. चौथी सळई गिरणीच्या भट्टीत सरळ केली, नवी पिन घातली. तिच्यावर ठिपका लावायला गंगूबाई स्वतः माझ्याखाली शिरल्या. ठिपका जरा वाकडाच बसला.

दीड वर्षाने मी सुरू झालो. पहिल्या फटक्यात नाही, सतराव्या. मग मी परदेशीपुऱ्यात सुताच्या पेट्या वाहू लागलो आणि अडीनडीला आजारी माणसं दवाखान्यात नेऊ लागलो. लोक मला बघून "वा मालोजी, क्या बात है!" म्हणत. मालोजी हसत नसत. वेगात आणायचं आणि करकचून थांबवायचं, असा सराव ते मैदानात रोज करत. मला वाटे, हा माणूस कशाची तरी तयारी करतो आहे.

गंगूबाईंचं माहेर इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचं. तिथे दिवाळीच्या पाडव्याला हिंगोट खेळतात. हिंगोट म्हणजे आवळ्याएवढं कडक कवचाचं फळ. ते पोखरून, वाळवून, आत दारू ठासतात आणि बांबूची काडी लावतात. मैदानात समोरासमोर दोन फळ्या, गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलगी. हातात जळती कांडी, खांद्यावर हिंगोटांची झोळी, दुसऱ्या हातात ढाल. पेटवायचं आणि समोरच्याच्या अंगावर सोडायचं. दरवर्षी माणसं भाजतात आणि बैलगाडीत कण्हत इंदूरला येतात. म्हणून भावाने गंगूबाईंना निरोप धाडला, यंदा तुमचा ट्रक आणा. त्याच निरोपात होतं, की यंदाचे पाहुणे म्हणून अप्पासाहेब येणार आहेत.

मालोजी म्हणाले, "चला. जायलाच पाहिजे."

पाडव्याला सकाळी भानुमतींनी मालोजींना ओवाळलं. गंगूबाईंनी माझ्या बोनेटवर कुंकू लावलं आणि त्या माझ्यात मालोजींच्या शेजारी बसल्या. प्रतापराव शेवटी बसले होते त्याच जागेवर.

ऊन उतरल्यावर मैदान पेटलं. मित्रांनो, मी दारूगोळा वाहिला आहे, पण असं काही पाहिलं नव्हतं. शेकडो हिंगोट सूं सूं करत जमिनीलगत येत, माणसांच्या पायांत शिरत, छातीवर फुटत. एकाचा फेटा पेटला आणि तो तसाच नाचत राहिला. एकाचा डोळा गेला. त्याला माझ्या खाटेवर आणून टाकलं, त्याच्या मागून मांडी फाटलेला दुसरा. धुरात लोक हसत होते आणि किंचाळत होते, आणि कोण काय करतंय ते ओळखू येत नव्हतं. पलीकडच्या टोकाला शामियान्यात सतरंजीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर अप्पासाहेब पान चघळत बसले होते.

मालोजींनी मला सुरू केलं. गंगूबाईंना वाटलं, जखमींना घेऊन निघालो. पण माझं तोंड शामियान्याकडे वळलं आणि वेगाची पट्टी तळाला टेकली. मी धावलो. मला दुसरं काही करता येत नाही. पाय ज्याचा, त्याचं मी ऐकतो. माणसं डावी-उजवीकडे उड्या टाकत होती. एक हिंगोट खिडकीतून आत आला आणि मालोजींच्या डाव्या हातावर फुटला. सदरा पेटला, कातडी सोलली गेली. त्यांनी चाक सोडलं नाही. गंगूबाई तळहाताने आग विझवत ओरडत होत्या, "भावोजी, काय करून राहिलात? ब्रेक!"

"दादाला याने मारलं, आता मी याला मारणार!"

बाहेर लोक बोंबलत होते, "अरे भागो! गाडी को बिरेक फेल हुई ग्यो! बिरेक फेल!"

गंगूबाईंनी मालोजींचा जळका हात धरला, तो जळलेला आहे हे माहीत असून घट्ट धरला. "ऐका! लोक काय म्हणतायत ते ऐका! ब्रेक फेल म्हणतायत! सुर्व्यांचा ब्रेक पुन्हा फेल!"

मालोजींचा पाय उचलला गेला आणि दुसऱ्या पट्टीवर पडला, सगळ्या अंगाचं वजन घेऊन. चारही सळया ताणल्या गेल्या. आठ वर्षं मी ज्या पायाची वाट बघत होतो, तो आला. मी जीव खाऊन चाकं धरली. सतरंजी माझ्यापुढे गोळा झाली, खुर्च्या पडल्या, माती उडाली, आणि मी थांबलो.

माझ्या बोनेटमध्ये आणि अप्पासाहेबांच्या गुडघ्यांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. बाकीचे पळाले होते. अप्पासाहेबांना उठताच आलं नव्हतं.

गंगूबाई खाली उतरल्या. तळहात भाजलेले, पदर जळलेला. गावचे लोक जमले, ठाण्याचे दरोगा दिवाकरराव धावत आले. गंगूबाई कोणाकडे न बघता अप्पासाहेबांसमोर उभ्या राहिल्या. 

"लागला ना ब्रेक, अप्पासाहेब? तीच गाडी आहे. तीन पिना त्याच आहेत. दसऱ्याला तुम्ही होतात, तेव्हाही लागला असता. आता या सगळ्यांसमोर सांगा, तेव्हा पाय कोणाचा होता?"

अप्पासाहेबांच्या ओठातून पानाची पिंक सदऱ्यावर ओघळत होती. ते माझ्याकडे बघत होते, जणू मीच विचारलं होतं.

"माझा," ते म्हणाले.

मालोजींना दरोगांनी तिथेच बेड्या घातल्या. ते बरोबरच होतं. भर गर्दीत गाडी घालणं हा गुन्हाच आहे, मग कारण कितीही खरं असो. आधी जखमींना मीच इंदूरला पोचवलं. चाकावर गंगूबाईंचा भाऊ होता. दुसऱ्या दिवशी दिवाकररावांनी मला ठाण्याजवळच्या उतारावर तीनदा पळवून तीनदा थांबवलं. मग त्यांनी टोपी काढली, वर्दीची पर्वा न करता माझ्याखाली शिरले, आणि कंदील धरून चारही चाकं बघितली. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं: "गाड़ी के चारों ब्रेक दुरुस्त। चारों पिनें अपनी जगह। तीन पर पुराना सिंदूर साबुत, एक पर नया।"

मालोजींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. हे वाक्य गंगूबाईंनी त्यांना तुरुंगाच्या जाळीतून वाचून दाखवलं, तेव्हा ते हसले म्हणे. सरकारी कागदावर दादाच्या हातची पिन लागली होती.

त्या कागदाची नक्कल घेऊन गंगूबाई माझ्यात भावाशेजारी बसल्या आणि सरळ जैतूनबीच्या दारात गेल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, कागद वाचला, गौतमपुऱ्यात कोण काय बोललं तेही सांगितलं. जैतूनबीचे केस पांढरे झाले होते. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मग माझ्याजवळ आली. तिच्या नवऱ्याचं डोकं जिथे आपटलं होतं, नेमक्या त्या जागी तिने हात ठेवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने तोच हात उचलून जोरात माझ्या बोनेटवर मारला. घणाचे घाव मी सोसले, वाघाचा पंजा सोसला. पण तो म्हातारा हात मला अजून दुखतो.

"इसका बिरेक हर साल देखती रहना, बाई," ती गंगूबाईंना म्हणाली. "किसी और का घर न खाए."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. बोनेट रोज पुसाल, कारण ते लोकांना दिसतं. कधीतरी खाली वाकून चाकामागेही बघत जा. आणि कोणी ब्रेकला दोष देऊ लागला, तर आधी पाय कोणाचा होता ते विचारा. 

दर खांडेनवमीला गंगूबाई माझ्या पोटाखाली शिरतात. आता त्यांना ते जड जातं, गुडघे दुखतात. त्या एकेक पिन चाचपून बघतात, आणि वाटीतला शेंदूर बोटावर घेतात. गेल्या वर्षी वाटी धरायला शेजारी जैतूनबी बसली होती.